फिरत्या खुर्चीची धास्ती

वडिलांचा चेहरा मला आठवतो तो बहुतांशी भिंतीवरच्या छायाचित्रातला. त्यांची पाठ मात्र मी आजही डोळे मिटून रेखाटू शकेन. बडोद्याच्या घडियाळी पोळीत, जुन्या शहरातल्या त्या दाट गल्लीत, आमच्या दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत पूर्वेच्या भिंतीशी देव्हारा, देव्हाऱ्यापुढे दगडी सहाण, आणि सहाणेपुढे सोवळे नेसून चंदन उगाळीत बसलेले वडील. ते संस्कृत पाठशाळेत शिकवीत आणि संध्याकाळी देवळात स्तवने गात. घरात गळ्याचा वारसा चालवायचा तो मी, असे माझ्या जन्माआधीच ठरले असावे. कारण मला समजू लागल्यापासून मी स्वतःला त्यांच्या पाठीमागे, पाटावर, मांडी घालून बसलेलाच पाहतो. देवाकडे पाठ करायची नाही, हा त्यांचा नेम. म्हणून ते माझ्याकडे पाठ करून ऐकत.

त्या ऐकण्याची एक रीत होती. चंदनाचे खोड सहाणेवर फिरत असेतोवर माझे बरोबर चालले आहे असे समजायचे. तो संथ, ओलसर आवाज म्हणजे माझा श्वास. चूक झाली की खोड थांबे, वडिलांचा उजवा खांदा किंचित वर येई, पाठीवरचे जानवे तिरके सरके, आणि ते मागे वळून माझ्याकडे पाहत. रागावत नसत. हात उगारल्याचे तर मला एकदाही स्मरत नाही. ते नुसते पाहत, पुन्हा देवाकडे वळत, आणि मी काही न विचारता त्या ओळीच्या आरंभी जाऊन ती पुन्हा उचलायची. चूक कोणती हे सांगण्याची पद्धत नव्हती. ती ज्याची त्याने शोधायची. सगळे निर्वेध पार पडले तर शेवटी, न वळताच, ते म्हणत, “ऊठ, जेवून घे.” याहून अधिक कौतुक आमच्या घरात कोणी कोणाचे केले नाही, आणि याहून अधिक कौतुकाची आम्हाला सवयही नव्हती.

मारणाऱ्या बापाची भीती निराळी आणि वळून पाहणाऱ्या बापाची निराळी. मी गात असे ते शब्दांकडे लक्ष ठेवून नव्हे, त्या उजव्या खांद्याकडे. बाहेर पोळीत दुकानांच्या फळ्या उघडल्याचे आवाज, छपरावरच्या पारव्यांचे घुमणे, शेजारच्या घरात तव्यावर खाखरे दाबून भाजल्याचा खमंग वास, आमच्या चुलीवर आईने चढवलेला भात. हे सारे मला जाणवत असे, पण काचेपलीकडून जाणवावे तसे. काचेच्या अलीकडे मी, तो खांदा आणि तो आवाज. आई मध्येच हातातले भांडे खाली न ठेवता तशीच थबकून राही, म्हणजे खोड थांबले की काय हे तीही ऐकत असे. मग मेतकूट-भाताचे ताट पुढे आले की पहिला घास घेतानाही मी आतल्या खोलीकडे कान लावून असे.

एक सकाळ या सगळ्यांहून वेगळी निघाली. त्या दिवशी संध्याकाळी मी देवळात प्रथमच एकट्याने गायचे होते आणि त्याआधी घरी ते स्तवन पूर्ण म्हणून दाखवायचे होते. स्तवन वडिलांनीच रचलेले, लांबलचक, मध्यावर स्वर चढत जाणारे. मी मध्यावर आलो आणि खोड थांबले. मी खांद्याकडे पाहिले. खांदा वर आला नाही. जानवे सरकले नाही. वडील वळले नाहीत. थांबण्याची खूण अर्धीच मिळाली आणि अर्ध्या खुणेवर थांबावे की गावे हे मला कोणी शिकवले नव्हते. मी गात राहिलो. सहाणेचा आवाज नसलेल्या त्या खोलीत माझाच आवाज मला परका वाटू लागला. पोळीतले एक वृद्ध गृहस्थ पूजेला बसल्या जागीच गेले होते, त्याला फार दिवस झाले नव्हते. स्तवन संपले तरी ती पाठ हलेना. पुढे जाऊन त्यांचा चेहरा पाहावा एवढे धैर्य माझ्यात नव्हते. देवाच्या आणि त्यांच्या मधे मी कसा जाणार? मी पाटाची कड धरून बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “ऊठ, जेवून घे.” आवाज नेहमीचा नव्हता एवढेच. त्यांनी त्याविषयी पुढे कधी काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी पुढे आलो आहे, तरी चंदन उगाळताना खोड हातात जड झाले की ती खोली माझ्यापुढे उभी राहते.

हे सर्व इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण यंदा घडले. बालपणाच्या आठवणी लिहायला बसलो होतो. त्यात दूरचित्रवाणीवरची गाण्याची स्पर्धा कशी यायची? पण ती आली, आणि माझ्या बालपणातूनच वाट काढीत आली.

आता आम्ही शहराबाहेरच्या नव्या वस्तीत, वासण्याला राहतो. देव तेच, सहाण तीच, पूर्वेची भिंत मात्र एका सदनिकेची. माझा मुलगा विनायक आणि सून अनघा दोघेही कचेरीत जातात, त्यामुळे नात शर्वरी लहानपणापासून सकाळची माझ्या वाट्याला आली. ती माझ्या पाठीमागे पाटावर बसू लागली तेव्हा तिला धड मांडीही घालता येत नव्हती. मला जशी रीत मिळाली तशी मी तिला दिली. मी चंदन उगाळीत राही, ती गाई, चुकली की मी वळे, ती ओळीच्या आरंभी जाई, आणि निर्वेध पार पडले की मी म्हणे, “ऊठ, जेवून घे.” आता ती महाविद्यालयात जाते. घराबाहेर गुजराती, हिंदी, इंग्रजी यांतली जी समोर येईल ती भाषा बोलते, आणि घरात जे मराठी बोलते त्यालाही शेपटीला एक गुजराती ‘ने’ चिकटलेला असतो. पण गायला बसली की उच्चार असा, की माझ्या वडिलांनी खोड थांबवले नसते.

त्या स्पर्धेचा नवा हंगाम सुरू होणार म्हणून शहरात प्राथमिक निवड झाली. निजामपुऱ्यात राहणाऱ्या मैत्रिणींनी आग्रह केला, शर्वरी गेली, आणि काही आठवड्यांनी मुंबईहून फोन आला: पडद्यावर दिसणाऱ्या पहिल्या फेरीसाठी तिला बोलावले होते. घरात आनंदाला उधाण आले. समोरच्या जशोदाबेन ओलसर, हिरव्या ‘लीलो’ चिवड्याचे पुडके घेऊन धावत आल्या. “आप्पा, आता तुमी टीव्हीमां आवशो!” त्या म्हणाल्या. त्यांचे मराठी आणि आमचे गुजराती गेली कित्येक वर्षे असेच अर्ध्या वाटेवर भेटते. आमच्या सौभाग्यवती सुमतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी शर्वरीला विचारले, “जिंकलीस तर काय करणार?”

“जिंकायचं कुठे आहे, आप्पा,” ती म्हणाली. “तिथल्या परीक्षकांना कोच म्हणतात. एखाद्या कोचने घेतलं ने, तर त्यांच्याकडे राहून शिकायला मिळतं. मला तेवढंच हवंय. पण नाही घेतलं तर मग पुन्हा नाही. मग बाबा म्हणतात तसं बँकेच्या परीक्षा.”

विनायकने मान हलवली. बापलेकीचा तो करार आधीच झालेला होता.

त्या संध्याकाळी, स्पर्धा कशी असते हे मला कळावे म्हणून, मागच्या हंगामातला एक भाग सर्वांनी मिळून लावला. मंचावर एक मुलगा उभा राहिला. त्याच्यापुढे चार मोठ्या खुर्च्या, चारही त्याच्याकडे पाठ करून. नामांकित गायक-संगीतकार त्यांत बसलेले. मुलाचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, नुसता आवाज ऐकू येत होता. ही योजना मला मनापासून आवडली. रीत ओळखीची होती. मुलगा गाऊ लागला, चांगला गात होता, आणि अकस्मात धाडकन आवाज होऊन एक खुर्ची गर्रकन त्याच्याकडे वळली.

“अरेरे,” मी म्हणालो. “कुठे चुकला?”

सगळे हसले. जशोदाबेन तर पदर तोंडाला लावून हसल्या. अनघाने समजावले, “आप्पा, वळले म्हणजे आवडलं. वळले नाहीत तर मुलगा बाहेर.”

मीही हसलो, आणि हसत शर्वरीकडे पाहिले. ती हसत नव्हती. तिचा हात गळ्यापाशी गेला होता.

“मलापण तसंच वाटलं ने, आप्पा,” ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गात असता, ती अत्यंत शुद्ध गात असता, मी मुद्दाम खोड थांबवले आणि मागे वळलो. ती एका अक्षराच्या मध्यावर थांबली. अक्षराचा उरलेला अर्धा भाग तिने गिळला आणि ओळीच्या आरंभी जाऊन ती ओळ पुन्हा उचलली. मी तिला सांगितले, “चूक नव्हती. मी उगाच वळलो. आता पुन्हा वळेन, तू थांबू नकोस.” तिने मान डोलावली. मी वळलो. ती थांबली. पुन्हा सांगितले, पुन्हा वळलो, पुन्हा तेच. शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “मी थांबत नाही, आप्पा. थांबलं जातं.”

तिचे म्हणणे मला शब्दशः पटले, कारण तो गळा तिचा एकटीचा नव्हता. पाटावरून पाटावर आलेली ती सवय होती. भरल्या सभागृहात, दिव्यांच्या झोतात, जी क्षणभराची कृपा व्हावी म्हणून ती धडपडत होती, नेमकी ती होताच तिचा कंठ मिटणार होता. तिथे कोणाला काय कळणार? शब्द विसरली म्हणतील, घाबरली म्हणतील. गाणे जेमतेम दीड मिनिटाचे.

मग घरात जो उपक्रम सुरू झाला तो आठवला की आज हसू येते. तेव्हा कोणीही हसत नव्हते. विनायकने आपली संगणकापुढची फिरती खुर्ची दिवाणखान्यात आणली. ती भिंतीकडे तोंड करून ठेवायची, तिच्यात जशोदाबेनना बसवायचे, शर्वरीने गायचे, आणि विनायकने खूण केली की बाईंनी पायाने जमीन रेटून वळायचे. पहिल्या वेळी त्या इतक्या जोराने वळल्या की पुरा फेरा होऊन पुन्हा भिंतीकडे गेल्या.

“हाय राम! आ तो चकडोळ छे!” जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात बसल्यासारख्या त्या ओरडल्या.

“जशोदाबेन, अर्धंच वळायचं,” विनायक म्हणाला.

दुसऱ्या वेळी त्या बरोबर वळल्या आणि शर्वरी थांबली. तिसऱ्या वेळी त्यांनी वळताना हात पसरले आणि, मी काय तुला खाणार आहे, अशा मायेने म्हणाल्या, “तुं गा ने, बेटा, हुं क्यां तने खाई जवानी छुं!” शर्वरी हसली, पण थांबली. हसत थांबली. अनघा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “कानात बोळे घातले तर?” मी आत येऊन देवापुढे बसलो. काही मागण्याची मला सवय नाही. जे नेमाचे ते म्हणायचे आणि उठायचे. त्या दिवसांत मात्र नेमाचे म्हणून झाल्यावरही मी उठत नसे.

मला वाटले, आपण तिच्यासमोरच बसून ऐकले तर? माणसाचा चेहरा पाहत गाण्याची सवय झाली, तर वळण्याचा धाक कमी होईल. पण तिच्याकडे तोंड करायचे तर देवाकडे पाठ होणार. दिवाणखान्यात बसून मला ऐकता येत नाही. कान सहाणेपाशीच उघडतात. हा पेच मी बोलून दाखवला तेव्हा सुमतीबाई वाती वळीत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटले, “त्यात अडायचं काय? तिलाच देवाशेजारी बसवा की.”

इतकी सरळ गोष्ट माझ्या वडिलांना सुचली नव्हती, मलाही नाही. दुसऱ्या सकाळी शर्वरीचा पाट देव्हाऱ्याच्या उजव्या अंगाला मांडला. मी नेहमीसारखा देवाकडे तोंड करून बसलो आणि त्याच दृष्टीत ती आली. ती गाऊ लागली आणि माझ्या ध्यानात आले, की इतकी वर्षे तिला ऐकत आलो, पण गाताना तिला मी कधी पाहिलेच नव्हते. वळून पाहिले ते थांबलेल्या मुलीला. गाणारी मुलगी मी त्या दिवशी प्रथम पाहिली. भुवया जवळ आलेल्या, मान ताठ, आणि डोळे? डोळे देवाकडे नव्हते, माझ्या तोंडाकडेही नव्हते. ते माझ्या उजव्या खांद्यावर खिळलेले होते.

“तिथे काय बघतेस?” मी विचारले, पण उत्तर मला ठाऊक होते.

“वळायच्या आधी तुमचा खांदा वर येतो, आप्पा. मला त्यावरनंच कळतं.” मग तिने मनातली भीती सांगितली. “तिथे खुर्च्यांच्या पाठी उंच असतात ने. खांदाच दिसत नाही. मला कळणारच नाही.”

माझ्या उजव्या खांद्याविषयी मला काहीच माहीत नव्हते. वडिलांनाही त्यांच्या खांद्याविषयी नसावे. मी तिला एवढेच म्हणालो, “मीही तिथेच बघत असे.” तिला ते नीटसे कळले नसावे. पण ती माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे, बघू लागली.

उरलेल्या दिवसांत तिच्या घशाला ज्येष्ठमध आणि सुंठीचा काढा मिळाला, दही आणि लोणचे बंद झाले, गाणे रोज सहज येऊ लागले. जशोदाबेनची खुर्ची फिरली की थांबणे मात्र सुटले नाही. कधी एखाद्या वेळी नुसता अडखळा होई आणि सगळे टाळ्या वाजवीत; लगेच पुढच्या वेळी ती ठार थांबे. आम्ही तसेच मुंबईला निघालो. गाडीत सुमतीबाईंनी तूप-भाताचा डबा उघडला, तेव्हा शर्वरीने दोन घास घेतले आणि खिडकीकडे तोंड केले. मी तिची पाठ पाहत बसलो.

चित्रीकरणाच्या जागी नातेवाइकांसाठी एक लहान खोली होती. सोफ्यावर आम्ही चौघे, समोर मोठा पडदा, कोपऱ्यात कॅमेरे, आणि फार गोड हसणारी एक निवेदिका. शर्वरीला घेऊन गेले. पडद्यावर मंच दिसू लागला, त्या चार खुर्च्या दिसू लागल्या, आणि मी उठून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, पडद्याकडे पाठ करून बसलो.

“दादाजी, स्क्रीन इस तरफ़ है,” निवेदिका म्हणाली.

“मालूम है, बेटा.”

“उन्हें ऐसेही सुनाई देता है,” सुमतीबाईंनी तिला सांगितले, आणि आपला हात माझ्या मनगटावर ठेवला.

समोर नुसती करडी भिंत होती. माझ्या हातात खोड नव्हते, म्हणून मी उपरण्याचे टोक धरले. वाद्ये सुरू झाली. गाणे कार्यक्रमवाल्यांनीच निवडलेले, एक भजन, पण त्याला ढोल आणि गिटार जोडून चालीला पंख लावलेले. शर्वरीचा पहिला स्वर लागला. तो स्वच्छ लागला. दुसरी ओळ आली, स्वर चढू लागले, आणि माझा जीव टांगणीला लागला. कारण गाणे जितके चांगले होत होते तितका तो क्षण जवळ येत होता. ‘वळावे’ असे मी मागू की ‘वळू नये’ असे मागू? मागायला देव समोर नव्हता, भिंत होती.

धाडकन आवाज झाला. सभागृहात आरोळी उठली. आणि शर्वरी थांबली.

ढोल एकटाच वाजत राहिला. अनघाच्या तोंडून “अगं गा” एवढेच निघाले, पुन्हा पुन्हा, कुजबुजत. विनायक उभा राहिल्याचे मला सोफ्याच्या हलण्यावरून कळले. “गेलं,” तो म्हणाला. सुमतीबाईंची नखे माझ्या मनगटात रुतली. मी वळलो नाही. मी त्या भिंतीकडे पाहत होतो आणि मला ती पोळीतली खोली दिसत होती, आवाज बंद पडलेली, पाटाची कड धरलेला मी. ढोल वाजत होता. मी मनात म्हणत होतो, ओळीच्या आरंभी जा, बाळ. तुला दुसरे काही शिकवलेलेच नाही. ओळीच्या आरंभी जा.

ती गेली. जिथे तोडली होती तिथून नव्हे. त्या ओळीच्या पहिल्या अक्षरापासून, घरच्यासारखी, न विचारता. क्षणभर वाद्ये तिच्यापासून सुटली, मग पेटीवाल्याने तिला गाठले, त्याच्यामागे ढोलाने. आणि ती ओळ दुसऱ्यांदा आली ती अधिक खोल, अधिक जपून, जशी चूक शोधून दुरुस्त केलेली ओळ येते. चूक तर झालेलीच नव्हती. गाणे संपेपर्यंत दुसरी कोणतीही खुर्ची वळली नाही. पण एक वळली होती, आणि नियमाप्रमाणे तेवढी पुरेशी होती.

मग मात्र मी पडद्याकडे तोंड केले. वळलेल्या खुर्चीत एक मध्यमवयीन गायिका बसल्या होत्या. त्यांनी विचारले, “बेटा, मैं मुड़ी तो तुम रुक क्यों गईं?”

शर्वरी म्हणाली, “मॅम, हमारे घर में कोई मुड़े, मतलब ग़लती हुई.”

लोक हसले. गायिका हसल्या नाहीत. “और कोई न मुड़े तो?”

“तो खाना मिलता है.”

त्यावर त्याही खळखळून हसल्या, शेजारच्या खुर्च्याही हसल्या, आमच्या खोलीतली निवेदिकाही. अनघा हसत रडत होती. गायिका म्हणाल्या, “मैं तो रोज़ सामने बैठूँगी. चलेगा?” शर्वरीने मान डोलावली. मी पडद्याजवळ जाऊन पाहिले. तिचे डोळे त्या बाईंच्या खांद्यावर होते.

आम्ही बडोद्याला परतलो. आता शर्वरी काही महिने त्या गायिकाबाईंकडे राहायला जाणार होती. जाण्याच्या दिवशी सकाळी सामान दाराशी बांधून ठेवलेले होते, सुमतीबाई प्रवासासाठी दशम्या लाटीत होत्या, जशोदाबेन उगाचच येऊन दाराला टेकून उभ्या होत्या. शर्वरी आपण होऊन देव्हाऱ्याशेजारच्या पाटावर बसली आणि म्हणाली, “आप्पा, पणजोबांचं म्हणू?”

तेच स्तवन. मी चंदन उगाळू लागलो. मनात नाना शंका होत्या: तिथे कोण तिला जेवायला वाढेल, चूक न सांगता ती शोधायला तिला कोण लावील, परत येईल तेव्हा हे उच्चार हेच असतील का. ती गात होती. मध्यावर आली, स्वर चढत गेले, आणि मला सहाणेचा आवाज ऐकू येईना. खोड माझ्या हातात होते. हात फिरत नव्हता. मी थांबवला नव्हता. तो कधी थांबला ते मला कळले नाही.

शर्वरीला कळले. तिची नजर झटकन माझ्या खांद्यावर गेली, मग तिथून हलली आणि माझ्या तोंडावर आली. तिथे तिला काय दिसले ते मी सांगू शकत नाही. ती थांबली नाही. शेवटपर्यंत गायली आणि मग, अगदी लहानपणच्या आवाजात, तिने विचारले, “चंदन थांबलं, आप्पा. चुकलं का?”

“ऊठ,” मी म्हणालो, “जेवून घे.”

माझा आवाज नेहमीचा नव्हता. ती उठली नाही. माझ्याकडे बघत बसून राहिली. वडिलांचे खोड असेच थांबले होते त्या दिवशी, पोळीतल्या खोलीत, त्यांचा चेहरा कसा होता हे पाहायला त्यांच्या समोर कोणी नव्हते. माझ्या समोर शर्वरी होती.